नोरीनच्या खुब्याचा दाखवण्याचा कार्यक्रम

प्राची, फोन ठेवू नकोस, नीट ऐक. मध्येच दुसरं काही बघत बसू नकोस. डब्लिनला शिकायला येऊन तुझं एक आख्खं सेमिस्टर संपलं, तिथून ट्रलीला ट्रेन येते, स्टेशनपासून आमचं घर चालत येण्यासारखं आहे, आणि तू अजून एकदाही आली नाहीस. वर सांगलीला फोन करून सगळ्यांना सांगतेस की मावशीआजीनं एका आयरिश म्हातारीचा विमा बुडवला. हे बरं नव्हे. अर्धीच गोष्ट सांगायची, तर निदान बरोबरची अर्धी सांगावी.

विमा बुडाला नाही. बुडता बुडता वाचला. आणि म्हातारी कोणाला म्हणतेस? नोरीन माझ्याहून थोडीच मोठी आहे.

तर मूळ दोष अनुभवाचा. तुझे आजोबा, म्हणजे आमचे हे, कराडला उभा जन्म विम्याचे एजंट होते, हे तुला माहीत आहे. मी सातवीच्या पुढे शाळा पाहिली नाही, पण विमा मला असा पाठ झाला की एखादी आरती व्हावी. उतारवयात विमा काढायचा म्हणजे आपल्याकडे आधी मेडिकल. कंपनीचा डॉक्टर माणसाला उभं करून, बसवून, झोपवून बघणार, रक्तदाब मोजणार, छातीला नळी लावणार. रक्तदाब जरा वर दिसला की हप्ता वर, आणि फारच वर दिसला तर विमाच नाही. म्हणून मेडिकलला जायच्या आधी ह्यांची गिऱ्हाइकं आमच्या ओसरीवर येऊन टेकायची. मी त्यांना शहाळ्याचं पाणी द्यायची, पंखा लावायची, पोराबाळांचा विषय काढू द्यायची नाही. माणूस असा थंड होऊन डॉक्टरकडे जायचा की डॉक्टरला वाटावं, हा नुकताच हिमालयातून उतरला. ह्यांच्या धंद्यातलं निम्मं यश माझ्या शहाळ्याचं, असं माझं मत आहे. (ह्यांचं नाही.)

आता नोरीन. ती आमची इथली शेजारीण, भिंतीला भिंत लागून. नवरा जाऊन काही वर्षं झालेली, मूलबाळ नाही, घरात ती आणि तिचा टेडी नावाचा कुत्रा. आम्ही दोघं आमच्या मुलाकडे, मंदारकडे, तीन महिन्यांसाठी म्हणून आलो आणि करोनानं विमानं बंद करून आम्हाला इथंच बसवलं. मंदार आणि सून केतकी दिवसभर आपापल्या खोलीत कॉम्प्युटरसमोर. बोलायला मला हे, आणि ह्यांना शब्दकोडं. मग मी कुंपणावरून नोरीनशी बोलायला लागले. तिचं इंग्रजी मला अर्धं कळे, माझं तिला पाऊण कळे, म्हणजे दोघींचं मिळून एकापेक्षा जास्तच भरे. पुढे नियम आला की एकट्या राहणाऱ्या माणसानं एक घर आपलं म्हणून जोडून घ्यावं, त्या घरी येणंजाणं चालेल. त्याला बबल म्हणत. नोरीननं आम्हाला जोडून घेतलं. सरकारनं परवानगी देऊन मला मैत्रीण दिली, असं दुसरं सरकार मी पाहिलं नाही.

इथे कुठल्याही पुरुषाला 'युवर मॅन' म्हणतात बरं का. नोरीन पहिल्यांदा ह्यांच्याकडे बघून 'युवर मॅन' म्हणाली, तेव्हा मी म्हटलं, बरोबर आहे, माझेच आहेत. मग ती पोस्टमनलाही तेच म्हणाली. मी दोन दिवस कुंपणाकडे फिरकले नाही.

नोरीनचा उजवा खुबा पार झिजलेला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, बदलायचा. करोनामुळे ते पुढे गेलं होतं. तिचा खासगी विमा होता, त्यामुळे हॉस्पिटलं सुरळीत झाली की तिचा नंबर लवकर लागणार होता. विमा नसता तर सरकारी यादीत किती वर्षं थांबावं लागलं असतं ते देवच जाणे. तिची एकच इच्छा होती. टेडीला घेऊन पूर्वीसारखं समुद्रावर, वाळूतून लांबवर चालायचं. टेडीला तेव्हा मंदार फिरवायचा. ती खिडकीत उभी राहून बघायची.

नाताळ झाला आणि एक दिवस ती चहाचा कप हातात धरून म्हणाली, "मालती, विमा रिन्यू करायचा आलाय. आधी नवरा बघायचा, तो गेल्यापासून आहे तोच चालू ठेवत आले. आता ते प्लॅन मला काही कळत नाहीत. कंपनीचा माणूस पुढच्या आठवड्यात फोन करणार आहे, माझं काय चाललंय ते विचारून कुठला प्लॅन ठेवायचा ते ठरवू म्हणतोय."

हे शब्द ऐकून माझ्या अंगात काय संचारलं म्हणून सांगू. वर्षभर मी या देशात कुणाच्या काही उपयोगाची नव्हते. दुकानात गेले तर पिशवी धरायची, घरात असले तर आवाज न करता भांडी घासायची, कारण मंदारची मीटिंग चालू. आणि आता समोर माझा विषय!

"काही काळजी करू नकोस," मी म्हटलं. "विमा माझ्यावर सोड."

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे शब्दकोड्यातून मान वर न करता म्हणाले, "इथले नियम वेगळे असतील. केतकीला विचार."

"केतकी कामात असते."

"मग मला विचार."

"तुम्हाला इथले नियम माहीत आहेत?"

"नाही."

"मग?"

"मला माहीत नाहीत हे मला माहीत आहे," हे म्हणाले आणि आडवा सातवा शब्द भरायला लागले.

दुसऱ्या दिवशी मी नोरीनला समोर बसवून समजावलं. विम्याचा माणूस 'काय चाललंय' असं गोड विचारतो, तेच त्याचं मेडिकल. तिथे खुबा म्हणायचं नाही, दुखतं म्हणायचं नाही, ऑपरेशन तर नावच काढायचं नाही. चेहरा टवटवीत हवा आणि चाल सरळ हवी.

"पण खुबा तर खराब आहे," नोरीन म्हणाली.

"तो त्याला कशाला सांगायचा?"

"हे खोटं नाही का, मालती? चर्च बंद आहे. कबुली द्यायला जाता येणार नाही. पाप नुसतं साठत राहील."

"हे पाप नाही, तयारी आहे," मी म्हटलं. "परीक्षेला जाताना मूल केस विंचरतं, ते काय खोटं?"

हे तिला पटलं. (मला तर बोलता बोलताच पटलं होतं.)

त्या दिवसापासून शिस्त सुरू झाली. सकाळी तिळाचं तेल कोमट करून खुब्याला चोळायचं. मग स्वयंपाकघराचा ओटा धरून पाय पुढे-मागे. मग जिना, कठडा धरून, एक पायरी वर, एक खाली. मग डिंकाचे लाडू. डिंक मी डब्लिनच्या दुकानातून ऑनलाइन मागवला, मेथी जरा सढळ हातानं घातली. नोरीननं पहिला लाडू खाल्ला, वर दोन घोट चहा घेतला, मग म्हणाली, "लव्हली." आयरिश माणूस 'लव्हली' किती प्रकारे म्हणतो ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी लगेच डबाभर लाडू तिच्या प्रेसमध्ये ठेवले. इथे कपाटाला प्रेस म्हणतात.

मग माझ्या लक्षात आलं की केसांचं काय? तिचे केस कापसासारखे पांढरे. करोनात नामकरणं, साखरपुडे, वर्षश्राद्धंसुद्धा व्हिडिओवर झाली होती, तेव्हा विम्याचा माणूसही व्हिडिओवरच बघणार, याबद्दल मला शंकाच नव्हती. पार्लरं बंद. माझ्याकडे मेंदी होती. ती चहाच्या पाण्यात भिजवून, लिंबू पिळून, नोरीनच्या डोक्यावर थापली आणि वर प्लास्टिकची पिशवी बांधली. काळ्या केसांवर मेंदी जरा तांबूस झाक देते. पांढऱ्या केसांवर ती झाक देत नाही, थेट गाजर देते. पिशवी काढली तेव्हा मी मनात रामाचं नाव घेतलं. नोरीन आरशासमोर गेली आणि बघतच राहिली.

"कशी दिसते?" मी घाबरत विचारलं.

"माझ्या आईसारखी," ती म्हणाली, आणि हसायलाच लागली.

देश नेमका हाच मिळाला, हे माझं नशीब! लाल केसांच्या माणसांचा. पोस्टमन तिला म्हणाला, "नोरीन, तुझा मूळचा रंग परत आला की." तिचा मूळचा रंग तपकिरी होता, पण तिनं त्याला ते सांगितलं नाही. माझी शिकवण आता चांगलीच मुरायला लागली होती.

राहिली चाल. नोरीन चालताना उजवीकडे अशी झुकायची की वाटावं, कुणाच्या तरी कानात काही सांगते आहे. इथे मला आमच्या वेळचे कांदेपोहे आठवले. बघायला आलेली माणसं मुलीला उगाच चहाचा ट्रे घेऊन माजघरातून बाहेर चालवायची, ते पाहुणचार म्हणून नव्हे, पाय सरळ पडतात का ते बघायला. मला माझ्या आईनं आठवडाभर ट्रे घेऊन चालवलं होतं, तेही कपात पाणी भरून. तेच मी नोरीनला सुरू केलं. पॅसेजच्या त्या टोकाला ती, हातात ट्रे, ट्रेमध्ये पाण्यानं भरलेले कप. या टोकाला मी. मध्ये टेडी, कारण टेडी नेहमी मध्येच असतो.

रंगीत तालमीला मी ह्यांनाही बोलावलं. विम्याचा माणूस म्हणून ह्यांना सोफ्यावर बसवलं, पोहे केले. नोरीन ट्रे घेऊन आली. हे चष्मा नाकावर ओढून म्हणाले, "नाव काय आपलं?"

"नोरीन."

"शिक्षण?"

"अहो," मी म्हटलं, "विमा आहे. स्थळ नाही."

"मग पोहे कशाला केलेस?"

"वातावरणासाठी."

"आवड कशाची?" ह्यांनी नोरीनला पुढे विचारलं. एकदा पोहे समोर आल्यावर ह्यांना थांबवणं अवघड.

"डान्सिंग," नोरीन म्हणाली. तरुणपणी ती गावातल्या हॉलमध्ये रोज नाचायची म्हणे. मी खूण केली की हे चांगलं आहे, हे फोनवरही सांग. ती ट्रे ठेवून वळली आणि परत गेली, आणि मी टाळ्या वाजवल्या. "अगदी सरळ!" मी म्हटलं. "जराही झुकली नाहीस."

"खरंच?"

"रेघ मारल्यासारखी."

"मग ग्रँड," नोरीन म्हणाली. इथे सगळंच ग्रँड असतं. हवा ग्रँड, चहा ग्रँड, मोडलेला पाय ग्रँड.

फोनचा दिवस उजाडला. मी सकाळीच तिकडे. नोरीननं निळा ब्लाउज घातलेला, लिपस्टिक लावलेली, मोत्यांची माळ, आणि वर ते गाजर. मी खिडकीचे पडदे असे बांधले की उजेड चेहऱ्यावर यावा. मागच्या भिंतीवरचा तिच्या नवऱ्याचा फोटो जरा बाजूला सरकवला, कारण तो फोटोत आजारी दिसत होता. टॅब्लेट पुस्तकांच्या ढिगावर उभा केला. शहाळं मिळालं नाही म्हणून तिला नारळाचं पाणी दिलं, डब्यातलं.

आणि साधा फोन वाजला! भिंतीवरचा, वायरवाला. ना चेहरा, ना व्हिडिओ. आठवडाभराची मेंदी, माळ, पडदे, सगळं फुकट. पण मी डगमगणारी नव्हे. फोनवर काय कळतं? आवाज. आवाजात दम लागलेला कळतो. मी नोरीनला कानात म्हटलं, "ताठ बस. हसत बोल. हसणाऱ्या माणसाचा आवाज निरोगी येतो."

तिनं फोन स्पीकरवर लावला. पलीकडे एक तरुण मुलगा, फार गोड आवाजाचा. हवेचं बोलून झालं, टेडीचं बोलून झालं, मग त्यानं विचारलं, "नोरीन, पुढच्या वर्षात काही ऑपरेशन, काही तपासण्या ठरल्या आहेत का? म्हणजे त्याप्रमाणे प्लॅन बघता येईल."

आला की नाही मुद्द्यावर! मी डोळ्यांनी खुणावलं. नोरीन माझ्याकडे बघत म्हणाली, "काहीच नाही. मी अगदी ग्रँड."

"सांधे वगैरे? गुडघे, खुबा?"

मी मान अशी हलवली की माझ्या मानेतून आवाज आला.

"उत्तम," नोरीन म्हणाली. "मी नाचते."

"नाचता?"

"आणि जिना चढते. ट्रे घेऊन." (ट्रेचं मी शिकवलं नव्हतं. ते तिनं स्वतःचं घातलं.)

"फेअर प्ले टु यू," तो मुलगा म्हणाला. म्हणजे शाब्बास. मग तो म्हणाला, "असं असेल तर तुम्हाला एवढ्या मोठ्या प्लॅनची गरज दिसत नाही. एक हलका प्लॅन आहे. बाकी सगळं तेच, फक्त गुडघे, खुबे, मोतीबिंदू यांना कव्हर कमी. तुम्ही नाचता म्हटल्यावर ते कशाला भरायचं? हप्ता बराच खाली येईल."

नोरीननं माझ्याकडे पाहिलं. आता इथे मी थांबायला हवं होतं, प्राची. 'खुबे' हा शब्द त्यानं स्पष्ट उच्चारला होता, आणि मी तो स्पष्ट ऐकलाही होता. पण 'हप्ता खाली येईल' हे ऐकताच माझ्या डोक्यात कराडची ओसरी उभी राहिली. माझ्या आयुष्यात हप्ता खाली यायचा तो फक्त मेडिकल पास झाल्यावर. पास झालो, एवढंच मला कळलं. मी दोन्ही अंगठे वर केले.

"करून टाका," नोरीन म्हणाली.

आम्ही दोघी तिथेच नाचलो. म्हणजे मी नाचले, ती ओटा धरून.

संध्याकाळी जेवताना मी ही विजयवार्ता घरात सांगितली, अगदी चढत्या क्रमानं, मेंदीपासून अंगठ्यांपर्यंत. मंदार हसत होता. केतकी हसत नव्हती. तिनं घास ताटात परत ठेवला.

"आई, तुम्ही काय केलंत?"

"हप्ता खाली आणला."

"आई, इथे आजार विचारून हप्ता ठरत नाही. त्याच प्लॅनला सगळ्यांना सारखाच हप्ता. तरुण असो, म्हातारा असो, धडधाकट असो नाहीतर आजारी. तसा कायदाच आहे."

"मग तो विचारत का होता?"

"मदत करायला. तिला काय लागणार आहे ते कळावं म्हणून."



"आणि आता," केतकी म्हणाली, "तिनं खुब्याचं कव्हर स्वतःहून कमी केलं. नंतर परत वाढवायला गेली, तर आधीपासूनच्या दुखण्याला दोन वर्षं थांबावं लागेल. तिचं ऑपरेशन या उन्हाळ्यात व्हायचं होतं ना?"

मंदारचं हसू गेलं. ह्यांनी पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "एवढ्या वर्षांत माझी एकही पॉलिसी तू अशी बुडवली नाहीस."

"मग आता काय?" मी विचारलं.

केतकीनं कॉम्प्युटर उघडला, वाचलं, आणि म्हणाली, "दोन आठवड्यांच्या आत मन बदलता येतं. उद्याच फोन करायचा. नोरीनला फक्त 'जुना प्लॅन परत द्या' म्हणायचंय."

फक्त! मी सकाळी उठून धावतच शेजारी गेले आणि नोरीनला सगळं सांगितलं. अगदी हात जोडून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं, चहा ओतला, आणि म्हणाली, "नको."

"नको म्हणजे?"

"मला ऑपरेशनच नको. खुबा ग्रँड आहे, मालती. तूच म्हणालीस ना, रेघ मारल्यासारखी चालते. तेल आहे, लाडू आहेत. कशाला कापाकापी?"

आता बघ माझी अवस्था. आधी जिला निरोगी करायला मी जिवाचं रान केलं, तिला आता आजारी करायचं होतं. मी म्हटलं, "नोरीन, तुझा खुबा खराब आहे." ती म्हणाली, "होता." मी म्हटलं, "डॉक्टर म्हणाले होते." ती म्हणाली, "डॉक्टरनं मला ट्रे घेऊन चालताना पाहिलं नाही." मी म्हटलं, "जिना चढून दाखव." ती उठली, आणि चढलीसुद्धा! वरून मला विचारते, "झालं?" मी इतकी शिकवलेली विद्यार्थिनी माझ्याविरुद्धच उभी राहिली.

ती खाली आली तेव्हा कठड्यावरच्या तिच्या हाताची बोटं पांढरी पडलेली मी पाहिली. आणि मग मला राहवलं नाही.

"नोरीन, ऐक," मी म्हटलं. "तू सरळ चालत नव्हतीस. एकदाही नाही. तू झुकत होतीस, ट्रेमधलं पाणी रोज गालिच्यावर सांडत होतं. टाळ्या मी उगाचच वाजवल्या."

ती खालच्या पायरीवर बसली. टेडी येऊन तिच्या पायांवर डोकं ठेवून पडला. 

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"पाणी सांडत होतं ते. गालिचा तर माझाच आहे. आणि दुखत होतं. तेल चोळताना तर फारच दुखत होतं, मालती, तुझ्या हाताला जोर आहे."

"मग सांगायचं नाही?"

"तू रोज सकाळी येत होतीस," ती म्हणाली. "नवरा गेल्यापासून रोज सकाळी या घरात कुणी आलं नव्हतं. मला वाटलं, दुखतं म्हटलं तर तू यायची थांबशील. आणि ऑपरेशनला एकटीनं जायची मला भीती वाटते."

मी तिच्या शेजारी पायरीवर बसले. पायरी अरुंद, आम्ही दोघी रुंद, टेडी खाली. "एकटी कशी जाशील?" मी म्हटलं. "मी आहे, हे आहेत, केतकी गाडी चालवते. बबल काय नुसता पोह्यांपुरता?"

"आणि लाडू?"

"लाडूंचं काय?"

"ते खावेच लागतील का?"

"का? आवडतात ना तुला?"

नोरीननं टेडीकडे पाहिलं. टेडीनं दुसरीकडे पाहिलं. तेव्हा मला कळलं की गेला आठवडाभर त्या कुत्र्याच्या अंगावर एवढं तेज कुठून आलं होतं.

दुपारी केतकीला बोलावून फोन लावला. बराच वेळ ते वाट बघायचं संगीत वाजलं, आणि मग उचलला कोणी? तोच मुलगा. "अरे, नोरीन!" तो म्हणाला. "नाचणाऱ्या ना?"

नोरीन लाल झाली, केसांशी मिळतीजुळती. "त्याचं असं आहे," ती म्हणाली, "मी तेवढी नाचत नाही."

केतकीनं मला आधीच बजावलं होतं, "आई, तुम्ही काही बोलायचं नाही." मी बोलणारही नव्हते. पण नोरीन अडखळली, आणि मला वाटलं, आता त्यानं 'कालपर्यंत नाचत होता, आज काय झालं' असं विचारलं तर? मी फोन हिसकावला. त्याला सांगितलं, खुबा गेलेला आहे, गुडघे जाण्याच्या मार्गावर आहेत, कंबर धरते, पाठ भरून येते, पाय सुजतात, डोळ्यांना कमी दिसतं, रात्री झोप नाही, भूक नाही. एवढ्यानं भागेना म्हणून तिच्या दिवंगत नवऱ्याचा दमाही घातला.

 तो मुलगा हळूच म्हणाला, "त्या आता शुद्धीवर आहेत का?"

"चहा करतेय," नोरीन मागून म्हणाली.

केतकीनं फोन माझ्या हातातून काढून घेतला आणि सरळ सांगितलं, "जुना प्लॅन परत हवाय."

"हो, अजून मुदत आहे. केला," तो म्हणाला. "ग्रँड."

झालं. एवढंच. मेंदी नको, माळ नको, दमा नको. एक वाक्य पुरत होतं, आणि ते पहिल्याच दिवशी कुणी म्हणालं असतं तरी चाललं असतं.

उन्हाळ्यात नोरीनचा खुबा बदलला. करोनामुळे आत कुणाला सोडत नव्हते, म्हणून केतकीनं आम्हाला हॉस्पिटलच्या आवारात गाडीत बसवलं आणि नोरीननं वरच्या खिडकीतून हात हलवला. परत आल्यावर व्यायाम शिकवायला येणारी बाई म्हणाली की हिच्या पायात चांगलीच ताकद आहे, आधीपासून कुणी करून घेतलंय का? नोरीननं माझ्याकडे बोट दाखवलं. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे शब्दकोडं बघत होते, पण ऐकलं त्यांनी, मला माहीत आहे.

आता नोरीन टेडीला घेऊन समुद्रावर जाते. वाळूतून, लांबच्या लांब, वारा अंगावर घेत, ताठ. आणि रोज सकाळी नऊच्या आत आमची बेल वाजवते. "चल, मालती." मला एकटीला चालायचं नाही म्हणते, तू होतीस म्हणून मी उभी आहे म्हणते. मग मला जावंच लागतं. पाव रस्ता होईतो माझे दोन्ही गुडघे बोंब मारतात, टेडी वळून वळून बघतो, आणि नोरीन मागे न वळता विचारते, "कशी आहेस?" आणि मी, जिनं तिला दुखतं हे कधी कबूल करायचं नाही म्हणून शिकवलं ती मी, हसत हसत ओरडते, "ग्रँड!"

प्राची, तुझे पाय तरुण आहेत. येत्या शनिवारी ये बाई, बूट घेऊन ये, आणि एक दिवस तरी तिच्याबरोबर तू जा.